बूथवरचा निरोप

पेणच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत ताजुद्दीन चाचांचा गाळा आहे. त्यावर गेल्या वर्षी निळा बोर्ड आला, 'सायबर साहाय्य केंद्र', आणि खाली योजनेचं लांबलचक सरकारी नाव. बोर्ड ठोकायला आलेल्या माणसांनी जुना पिवळा बोर्ड उतरवायचा कंटाळा केला आणि त्याच्यावरच नवा चढवला. नवा होता जरा आखूड. त्यामुळे निळ्याच्या खालून वीतभर पिवळा पत्रा अजून डोकावतो आणि त्यावर लाल अक्षरांचे नुसते पाय दिसतात. ज्याला ठाऊक आहे त्याला ते एसटीडी, आयएसडी, पीसीओ असं वाचता येतं. बाकीच्यांना वाटतं, रंग उडालाय.

आत टेबल, संगणक आणि फिजा. फिजा रोह्याची मुलगी, भौतिकशास्त्राची पदवीधर, त्यावर सायबर सुरक्षेचा डिप्लोमा केलेली. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांसाठी सरकारी निधीतून हे केंद्र चालायचं, आणि केंद्र म्हणजे ती एकटी. कुणाच्या खात्यातून पैसे गेले, कुणाच्या नावाने खोटं फेसबुक उघडलं, कुणाला 'वीजबिल थकलंय, आज लाईन तोडतो' असा मेसेज आला, की माणसं तिच्याकडे धावत. उरलेल्या वेळात ती गावोगाव फिरून बायकांना सांगायची, अनोळखी नंबर उचलू नका, ओटीपी कुणाला देऊ नका.

गाळा सरकारला भाड्याने देताना चाचांनी एकच अट घातली होती. कोपऱ्यातला फोन हलवायचा नाही.

तो फोन एके काळी लाल होता, आता विटकरी झाला होता. नंबर दाखवणारी पट्टीबिट्टी त्याला नव्हती. वाजायचा आणि बोलायचा, एवढंच त्याचं काम. या फोनवर अर्धा खाडीपट्टा जगला, असं चाचा म्हणत, आणि त्यात फार वाढवून सांगितलेलं नव्हतं. घरटी एक तरी माणूस आखातात, आणि गावात फोन नाही. मग तिकडचा माणूस बूथवर फोन करायचा. 'चाचा, जुम्म्याला नमाजनंतर परत लावतो. घरच्यांना आणून ठेवा.' हा झाला निरोप. चाचा शटर अर्धं ओढून आपल्या एम-एटी दुचाकीवर बसत, खाजणाच्या बांधावरून गाव गाठत आणि निरोप देत. चिठ्ठी नाही की कुणाच्या हाती सांगावा नाही. ज्याचा निरोप त्याला, समोर उभं राहून, तोंडी.

शुक्रवारी दुपारी बूथसमोर बायकांची रांग लागे. ठेवणीतला बुरखा, डोळ्यांत सुरमा, वर अत्तर. जणू तारेतून तिकडे वास जाणार होता. काचेच्या केबिनचं दार लावलं तरी आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं, कारण कुवेत लांब आहे म्हटल्यावर प्रत्येकजण त्या अंतराच्या मानाने ओरडून बोलायचा. "खाजणात पाणी शिरलं!" "म्हैस व्याली!" "पोरगा तुझा फोटो बघून मामा बोलतो, ये आता!" बाकड्यावरची माणसं ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकत. चाचा मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बसत आणि तिकडून आलेल्या नुसत्या 'हॅलो'वरून माणूस सांगत. अंगठ्याचा ठसा असतो तसा घशाचाही असतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे खिशाखिशात मोबाइल आले. रांग पातळ होत होत संपली. केबिन भंगारात गेली, एम-एटी कुणीतरी नेली. लाईन मात्र चाचांनी ठेवली. कामाचा फोन येईनासा होऊन जमाना लोटला होता, तरी ते रोज सकाळी फडक्याने फोन पुसत, रिसीव्हर कानाला लावून आतला सूर ऐकत आणि ठेवून देत.

"नाडी बघतोस काय रं त्याची?" पुंडलिक विचारायचा. पुंडलिकची उमर मिठागरावर गेलेली. पूर्वी मिठाच्या गाड्यांसाठी मुंबईला फोन लावायला यायचा, आता नुसता बसायला यायचा.

"जिवंत हाय."

"आनि तू?"

"तुला पोचवूनच जाईन."

या मार्चअखेर केंद्राचा निधी संपत होता. पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवण्याआधी जिल्ह्यावरून मृणाली मॅडम पाहणीला येणार होत्या, गुरुवारी. निधी थांबला तर फिजाची नोकरी जाणार. चाचांचं काय जाणार, ते त्यांच्या मुलाने, नावेदने, दोह्याहून सरळच सांगून टाकलं होतं. "अब्बा, मोबाइल कव्हरवाला गाळा घ्यायला तयार आहे. त्याला कोपरा न् कोपरा लागेल. तो फोनपण परत करून टाका आता. ठेवलाय कोणासाठी?"

कोणासाठी, ते चाचांना सांगता आलं नाही. फक्त केंद्र राहिलं तर फोन राहतो, एवढं त्यांना कळलं होतं. म्हणून ते त्या दिवसांत नमाजनंतर सरकारी निधीसाठी दुआ मागत होते, आणि तसं मागणारे तालुक्यात ते बहुधा एकटेच असावेत.

सोमवारी फिजा बैठकीसाठी अलिबागला गेली होती. रमजान चालू होता. पुंडलिक चहाचा ग्लास घेऊन दाराबाहेर उन्हात उभा होता.

"तुझा रोजा, म्हनून मी भायेर ऊन खातोय," तो म्हणाला. "यातलं आरधं पुन्य माझ्या नावावर लाव."

"चहाचं पुण्य नाय मिळत."

तेवढ्यात फोन वाजला. त्या जुन्या यंत्राची घंटा भांडं आपटल्यासारखी होती. दोघेही दचकले. चाचांनी टोपी सारखी केली, जसं काही पलीकडच्याला दिसणार होतं, आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो, चाचा? सलाम आलेकुम. पहचाना नहीं?"

आवाज तरुण होता, जरा बसलेला, आणि मागे गाड्यांचा गोंगाट होता. चाचांनी डोळे मिटले. घसा ओळखायचा तर डोळे मिटावेच लागत.

"कोण? सुफियान काय?"

"हां चाचा, सुफियान."

"अरे, आवाज काय असा?"

"सर्दी हुई है चाचा. मेरा फोन गिर गया, सब नंबर चले गये. दोस्त का नंबर लिया है. घर पे बता दो ना."

पोरगा हिंदीत का बोलतोय, हे चाचांच्या मनात येऊन गेलं. पण कुवेतात इतकी वर्षं राहून पोरं हिंदीच बोलतात, नावेद तरी वेगळं काय करतो? त्यांनी स्वतःच शंका काढली आणि स्वतःच मिटवली.

"तुझी अम्मी, फरझाना, रोह्यालाच हाय ना, नवीन घरात?"

"हां चाचा, रोहा में ही है."

"तिचा नंबर घे लिहून. पण तिला पढवून ठेवलंय केंद्रातल्या आमच्या पोरीनं, अनोळखी नंबर उचलायचा नाय. तू थांब, मी सांगतो. मी स्वतः जाऊन सांगतो."

एक नंबर देऊन आणि एक घेऊन त्यांनी रिसीव्हर ठेवला. चेहरा उजळला होता. पुंडलिकने दारातूनच ओळखलं.

"निरोप?"

"निरोप."

"मंग फोन कर ना तिला. मोबाइल हाय तुझ्याकडं."

"फोनचा निरोप फोनवर द्यायचा असता तर सुफियाननंच नसता दिला?" चाचा पायात चप्पल सरकवत म्हणाले. हे काही फार पटण्यासारखं उत्तर नव्हतं. पण पुंडलिकने मान हलवली आणि गाळ्यावर बसायचं कबूल केलं.

पेणहून रोह्याकडे जाणारी दुपारची मेमू गाडी रिकामीच होती. चाचा खिडकीशी बसले. कासू गेलं, नागोठणे गेलं. रुळांच्या बाजूने पिवळं पडलेलं शेत, मधे एखादा हिरवा वालाचा तुकडा, मग पुन्हा पिवळं. त्यांना एम-एटीच्या सीटचा फाटलेला कोपरा आठवला, जो पावसाळ्यात पाणी धरायचा. एकदा ते कुणाच्या तरी व्हिसाचा निरोप घेऊन गेले तर त्या घराने कोंबडी कापली होती, आणि ती खाऊन ते परत येईपर्यंत बूथपुढे वीस माणसं खोळंबली होती. वाईट निरोपही होते. ते द्यायला जाताना गाडी गावाबाहेर बंद करून चालत जायचे. इंजिनाचा आवाज आला की माणसं आधीच दारात यायची, आनंदाने, आणि ते बघवत नसे. निडी आलं तेव्हा त्यांना घसा कोरडा पडल्याचं जाणवलं, पण रोज्याची तक्रार करावी असं काही वाटलं नाही.

फरझाना पूर्वी खाडीकडच्या गावात राहायची. नवरा गफूर कुवेतात होता. तो वारल्यावर मुलगा सुफियान त्याच कंपनीत लागला आणि त्याने रोह्याला, कुंडलिकेच्या पुलापासून जवळ, घर बांधलं. वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या सळया अजून आभाळाकडे उभ्या होत्या. त्या स्लॅबसाठीच पैसे साठत होते.

"ताजुद्दीनभाय!" फरझाना पदर सावरत दारात आली. "असे अचानक? सगळं बरं हाय ना?"

"बरंच हाय. गाडी बंद करून नाय आलो," चाचा हसत म्हणाले, आणि तीही हसली, कारण तिला ती रीत ठाऊक होती.

त्यांनी निरोप दिला, समोर उभं राहून. सुफियानचा फोन हरवलाय, हा नवा नंबर, आजपासून याच्यावरून बोलेल.

"गो बाई!" फरझानाने मोबाइल काढला. "मघापासून तीन वेळा वाजला हाच नंबर. मी नाय उचलला. फिजा बोललेली ना, कोण बी असू दे, उचलायचा नाय. पोराला वाटलं असेल आईनं टाकलं."

"आता उचल. मी स्वतः बोललोय त्याच्याशी."

"तुम्ही बोललात तर झालं." तिने नंबर जपून सेव्ह केला. "इफ्तारला थांबा."

"नाय गो. बूथवर पुंडलिक बसलाय. तो समदी खजुरं खाईल."

बूथवर, असं ते म्हणाले. परतीच्या गाडीत ते स्वतःशीच दोनदा हसले.

मंगळवारी सकाळी फिजा टेबल पुसत असतानाच चाचांनी तिला सगळं ऐकवलं. घंटा कशी वाजली, पुंडलिकच्या हातून चहा कसा सांडला, फरझाना कशी आनंदली. फिजाचा हात मधेच थांबला.

"चाचा, तो सुफियान आहे हे त्याने सांगितलं की तुम्ही?"

"त्यानंच. मी बोललो, सुफियान काय, तर तो बोलला, हां..."

चाचा थांबले.

"आणि रोह्याचं?"

तो फोन त्यांनी मनात पहिल्यापासून पुन्हा लावला. पहचाना नहीं, एवढंच पलीकडून आलं होतं. नाव त्यांचं, आई त्यांची, गाव त्यांचं, आईचा नंबरही त्यांनीच दिलेला, अनोळखी नंबर ती उचलत नाही हेही त्यांनीच सांगितलेलं. पलीकडच्याने फक्त हां म्हटलं होतं.

पुंडलिक बाकड्यावरून उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

फिजाने तोवर आपल्या मोबाइलमधला सुफियानचा जुना नंबर लावला होता. घंटा गेली, आणि मशीनच्या खडखडाटातून सुफियान बोलला, "हां फिजा, शिफ्टवर हाय मी, बोल. अम्मीला काय झालं?" फोन त्याच्या हातातच होता, हरवला नव्हता. सर्दीही झाली नव्हती. फरझानाचा नंबर मात्र लागत नव्हता, व्यस्त येत होता. तिसऱ्यांदा लागला तेव्हा ती आनंदातच होती. सुफियानला पोलिसांनी अडवलंय म्हणे, दंड भरायचाय, पण तिने रडारड न करता सकाळीच शेजारच्या मुलाकडून पैसे पाठवून दिले होते. स्लॅबचेच. आता तो सुटेल.

पुढचा तासभर फिजा फक्त फोनवर होती. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार, मग बँक, मग परत तक्रारीचा पाठपुरावा. तिचा आवाज एकदाही चढला नाही. चाचा खुर्चीत बसून तिचा पाठमोरा खांदा बघत राहिले. दुपारी कळलं की बरीचशी रक्कम पुढच्या खात्यात पोचून तिथेच गोठवली गेली होती. थोडी हातची गेली. गोठवलेली परत मिळायला कोर्टाचा कागद लागेल, वेळ लागेल, पण मिळेल.

"माझा नंबर त्याला कुणी दिला?" चाचांनी विचारलं.

"कुणी नाही. जुन्या डिरेक्टऱ्या विकल्या जातात. ज्याच्या घरी अजून लँडलाइन आहे तो वयस्कर माणूस असणार, हे त्यांना माहीत असतं." बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं. "चाचा, कुणाचंही झालं असतं."

फरझानाचा फोन संध्याकाळी आला. "तुमची काय चूक, ताजुद्दीनभाय? तुम्ही एवढ्या उन्हात, रोज्यात आलात," ती म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर चाचांना इफ्तारीचा खजूर तरी गिळता आला असता.

बुधवारी फिजाने गुरुवारची तयारी केली. निघताना ती चाचांजवळ येऊन म्हणाली, "उद्या मॅडमना मी ही केस सांगणार आहे. तक्रार केली, पैसे गोठवले, एवढं. नंबर खरा कसा वाटला, ते त्या विचारणार नाहीत. तुम्ही काही बोलू नका. निधी मिळू दे, मग फोनचं आपण बघू."

चाचांनी मान हलवली.

मृणाली मॅडम गुरुवारी आल्या. साध्या होत्या, पायात स्पोर्ट्स शूज, बरोबर गाडीचा चालक तेवढा. फिजाने सगळं नीट दाखवलं. मॅडमनी प्रश्न विचारले, तेही नेमके. रोह्याच्या केसचं त्यांनी कौतुक केलं. आणि मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं.

"अय्या! हा चालू आहे?"

"व्हय, चालू हाय," चाचा म्हणाले.

त्यांनी विचारूनच रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि तसाच धरून राहिल्या. "माझं आजोळ कोलाडचं. हायवेवर असाच बूथ होता. माझा दहावीचा निकाल तिथे कळला. मी आत रडत होते आणि बाहेर अख्खी लाईन मला काचेवर टकटक करून विचारत होती, पास का? पास का?" त्या हसल्या. "बूथवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत त्या कॉलचे."

"निकालाचे नसत घेत कोण," चाचा म्हणाले.

"तुम्हीपण नव्हता घेत?"

"पास झाला तर नाय. नापास झाला तर चहापण पाजायचो."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. "फिजा, आपली अडचण काय आहे? लोक केंद्राच्या मोबाइलवर फोन करायला बिचकतात. नंबर अनोळखी. आणि हा नंबर? खाडीपट्ट्यात कुणाला पाठ नसेल असं आहे का? पुढच्या वर्षीच्या निधीत हाच नंबर पोस्टरवर टाकू. गावागावात. 'शंका आली तर बूथवर फोन करा.' चाचा, तुम्ही उचलाल ना? दिवसभर वाजेल हं."

फिजाने मान खाली घातली.

चाचा फोनकडे बघत होते. दिवसभर वाजेल. त्यांना रांग दिसली, सुरमा दिसला, बाकड्यावर दाटीने बसलेली माणसं दिसली. नावेदला सांगता येईल, कोणासाठी ठेवलाय ते. तोंडातून फक्त 'हां' निघायला हवं होतं. आणि नेमका तोच शब्द त्यांच्या घशाशी आला तेव्हा त्यांना सोमवारचा तो आवाज आठवला, जो तेवढाच एक शब्द बोलत राहिला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "रोह्याची बाई फशी पडली ती माझ्यामुळं."

त्यांनी सांगितलं. मधे काही गाळलं नाही. गाडीत दोनदा हसलो, हेसुद्धा सांगून टाकलं, जे सांगायची काहीच गरज नव्हती.

"तुम्हाला मी हे विचारलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"म्हणून तर सांगितलं. विचारलं असतंत तर कदाचित खोटं बोललो असतो."

दारातून पुंडलिक पुटपुटला, "ह्ये खरं बोल्ला."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "फिजा, केंद्राची शिफारस मी करणार आहे. हे सगळं अहवालात येईल, तुझ्या कामासकट. आपण बायकांना शिकवलं कुणावर विश्वास ठेवायचा नाही. ज्यांच्यावर ठेवतात त्यांना शिकवायला गेलोच नाही. पुढच्या वर्षी तेही काम धर." मग त्या चाचांकडे वळल्या. "पोस्टरचं मी मागे घेते. लाईन तुमची आहे, ती ठेवा किंवा काढा, मी सांगू शकत नाही."

"नंबर लोकांच्या भिंतीवर लिहिलेला हाय," चाचा हळूच म्हणाले. "कोळशानं, खडूनं. काही घरांत अजून. डोळे मिटून विसंबतात त्याच्यावर."

"हो ना," मॅडम म्हणाल्या, आणि जाताना त्यांनी चाचांना नमस्कार केला.

फिजाचं काम चालू राहणार होतं. गाळाही राहणार होता. नावेदला चाचांनी एवढंच कळवलं की कव्हरवाल्याला नाही सांग, आणि फोन परत करतोय. नावेदने दोनदा विचारलं, "नक्की?" कारण त्याला हा होकार अपेक्षित नव्हता.

अर्ज देऊन झाला. टेलिफोन कार्यालयातला माणूस म्हणाला, यंत्र घेऊन या, आज संध्याकाळी तार काढतो. चाचांनी फोन पुसला. पण वायर काढण्याआधी बसून त्यांनी रोह्याचा नंबर फिरवला. घंटा जाऊन जाऊन थांबली. परत फिरवला. परत थांबली.

"नाय उचलत," ते म्हणाले.

"शिकली," फिजा संगणकामागून म्हणाली. "तुमचा लँडलाइन तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह कुठे आहे?"

तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला. पलीकडे श्वास ऐकू आला, शब्द नाही.

"फरझाना, मी ताजुद्दीन."

"कशावरून?"

पुंडलिकने तोंडावर पंचा धरला. चाचा आधी गोरेमोरे झाले. मग खुर्चीत नीट बसले.

"विचार. काय विचारायचं ते विचार."

मग फरझाना सावकाश म्हणाली, "सुफियान झाला तेव्हा कुवेतला कोणी कळवलं?"

"मीच. कंपनीच्या कॅम्पवर लावला."

"ते समद्या गावाला ठाऊक हाय. गफूर काय बोलले?"

चाचांनी डोळे मिटले. "पहिल्यांदा कायच नाय बोलला. मीटर पळतोय आणि हा गप. मी बोललो, गफूर, अरे रड नायतर हस, पण काहीतरी कर, पैसे चाललेत. तेव्हा बोलला, ताजूभाय, नाक कोणावर गेलंय? मी बोललो, तुझ्यावर. तर बोलला, अरेरे." त्यांनी डोळे उघडले. "ते मी तुलाच येऊन सांगितलेलं. तू बाळंतिणीच्या खोलीत होतीस, मी पडद्याच्या अल्याड उभा. दुसऱ्या कोणाला नाय सांगितलं."

पलीकडे फरझाना हसत होती, आणि मग काही वेळ हसत नव्हती.

"बोला आता," ती म्हणाली.

"हा नंबर आज बंद होतोय. उद्यापासून याच्यावरून कोण बोललं, माझा आवाज काढून बोललं, तरी तो मी नाय. तुझ्या शेजारणींनापण सांग."

"मग तुमचा निरोप?"

"मी येईन की. गाडी हाय. ईदला येतो."

"या. पण दार उघडायच्या आधी परत विचारीन."

"विचार," चाचा म्हणाले. "मला लय ठाऊक हाय."